गारांतीया, दोन वर्षं

अठ्ठेचाळीस हजारांचा, म्हणे एकवीस हजार चारशेला.
चार वेळा हिशेब केला, पाचव्या वेळी कार्ड काढलं.
लिस्बनचं दुकान. खोकं आलं अठ्ठावीस दिवसांनी,
कस्टमवाल्यांनी आणखी सहा हजार दोनशे घेऊन
त्याच्यावर जांभळा शिक्का मारला,
तेवढाच काय तो आहेर.

फोंड्याला तिस्कावर माझं झेरॉक्सचं दुकान.
लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, बाराव्याची कार्डं.
उघडल्या उघडल्या दिसला
एलच्या शेजारी एक शेपटीवाला सी.
आमच्या काही कामाचा नाही,
पण बोट चुकून तिथं गेलं की
'श्री शांतादुर्गा प्रसन्न'च्या मध्येच
एक आकडी लोंबायची.

एकोणिसाव्या दिवशी अर्धा पडदा काळा.
डावीकडे चिरंजीव,
उजवीकडे अमावास्या.

सांतान म्हणाला, ह्याची स्क्रीन इथं मिळत नाही,
आणि मी उघडला तर तुमची वॉरंटी मोडेल.
वॉरंटी! अशी काही वस्तू घरात आहे
हे मी विसरूनच गेले होते.
खोक्याच्या तळाशी घडी घातलेली आठ पानं,
एक ओळ कळेल तर शपथ.

ती घेऊन गेले वामनबाब तळावलीकरांकडे.
लिसेवमध्ये शिकलेले, एक्क्याऐंशी वर्षांचे,
जन्मभर लोकांच्या इश्क्रितुरी वाचून देणारे.
आता कुणी येत नाही.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला, कागद उजेडात धरला,
खोट्या नोटेसारखा.
"गारांतीया," म्हणाले, आणि थांबले.
"हा शब्द कोऱ्या कागदावर
मी कधी पाहिला होता शेवटचा?"

कलम तीन, दोन वर्षं.
कलम सात, पाणी, वीज आणि पडझड सोडून.
कलम अकरा त्यांनी दोनदा वाचलं,
एकदा मोठ्यानं, एकदा ओठांतल्या ओठांत.
"बाय, हे युरोपच्या हद्दीपुरतं."
मग खोकत खोकत हसले.
"एकसष्टच्या डिसेंबराआधी घेतला असतास
तर भांडता आलं असतं."

तरी पत्र लिहू म्हणाले.
दुपारचे अडीच. तिस्कावरची शटरं खाली,
लिस्बनचं दुकान नेमकं तेव्हाच उघडतं.
'एक्सेलेंतीसिमु सेन्योर' पासून सुरुवात.
पडद्याचं दुखणं असं सांगत होते
की ऐकणाऱ्यानं पेज घेऊन धावत यावं.
मी फोनवर टाइप करत होते,
आणि शेपटीवाला सी काही केल्या सापडेना.
शेवटी तोच लॅपटॉप मांडीवर घेतला.
उरलेल्या अर्ध्यात, तोकड्या तोकड्या ओळी करून
अख्खं पत्र बसवलं.
शेपटीवाला अकरा वेळा लागला.
वामनबाबनी मोजला.

उत्तर चार दिवसांनी. कुणी इनेस.
'आपलं पत्र वाचायला मी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं.
माझे आजोबा असं लिहायचे.
लॅपटॉप मात्र स्वखर्चानं इकडे पाठवावा लागेल,
आत बॅटरी असल्यामुळे विमानानं नको.'

म्हणजे जहाजानं.
कुरियरवाला आधी बारा हजार म्हणाला,
मग म्हणाला, मुरगावहून तसलं जहाज
हल्ली कुठं जातं, मॅडम?

सांतानला सांगितलं, मोड बाबा ती वॉरंटी.
त्यानं काहीच मोडलं नाही.
कुठल्याशा बंद बँकेतला जुना मॉनिटर
वायरीनं जोडून दिला. तीनशे रुपये.
आता वधूसुद्धा दिसते, मुहूर्तासकट.

वामनबाब येतात अधूनमधून,
बरोबर अडीचला, अर्ध्या शटराखालून वाकून.
स्टुलावर बसतात, कीबोर्डकडे बघतात.
"इनेसला आभाराचं पत्र राहिलंय,
त्यात ती अक्षरं बरीच येतात."
मी म्हणते, आता कशाला, बाब.
"कशाला म्हणजे?
अजून सतरा महिने बाकी आहेत."